तांब्याच्या पैशावरचा इतिहास
(अल्प खर्चातील नाणेसंग्रहाविषयी)



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांच्या वर्गात मी याच शाळेत तीन वर्षे बसलो आहे. आयुष्यभर मी मराठी साहित्य शिकविले. तेव्हा आज एखादा कवी किंवा ग्रंथ न निवडता मी तांब्याच्या पैशाविषयी बोलणार आहे, याचे आपणांस नवल वाटले असेल. परंतु हा विषय मला सरांनीच दिलेला आहे. तो त्यांनी १९६२ साली दिला आणि त्याचे उत्तर द्यावयास मला साठ वर्षे लागली.

इतिहासाच्या तासाला सर एकदा बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा घेऊन आले. प्रत्येक बाकावर त्यांनी एकेक काळपट चकती ठेवली आणि एवढेच म्हणाले, "वाचा." आमच्या बाकावर आलेल्या चकतीवर एका बाजूस तलवार आणि घोड्याचा खूर होता, भोवती नागरी अक्षरे होती. दुसऱ्या बाजूस 'एक पैसा' असे स्पष्ट लिहिलेले होते आणि खाली संवत् होता, १९४९. आम्ही ते वाचून दाखविले. सर म्हणाले, "वाचलेत खरे, पण मला सांगा, हे कोणासाठी लिहिले होते?" त्यावर वर्गात कोणी बोलले नाही. सरांनी पैसे मोजून डब्यात ठेवले आणि ते पुढच्या धड्याकडे वळले.

त्या प्रश्नात बडोद्याचा अर्धा इतिहास आहे, हे मला पुष्कळ उशिरा उमगले. आपल्या संस्थानात प्रजेची बोली बहुतांशी गुजराती, राजघराण्याची भाषा मराठी आणि जुन्या नाण्यांची भाषा फार्सी. गायकवाडांची आरंभीची नाणी दिल्लीच्या बादशहाच्या नावाने पडत. फार्सी मजकुराच्या गर्दीत एका कोपऱ्यात तलवार आणि दोन छोटी नागरी अक्षरे असत. एक राजाच्या नावाचे आद्याक्षर, दुसरे गायकवाड आडनावाचे. आनंदराव, दुसरे सयाजीराव, गणपतराव, खंडेराव, मल्हारराव यांची राज्ये या एकेका अक्षराने ओळखावी लागतात. १८५७ च्या उठावानंतर दिल्लीची बादशाही संपली आणि खंडेरावांच्या नाण्यांवरून बादशहाचे नाव गेले. त्याच्या जागी 'सेनाखासखेल शमशेरबहाद्दर' हे साताऱ्याच्या छत्रपतींकडून गायकवाडांना मिळालेले किताब आले. लिपी मात्र फार्सीच राहिली. पुढे तिसऱ्या सयाजीरावांच्या कारकिर्दीत यंत्रावर पाडलेला गोल, रेखीव पैसा आला आणि त्यावर सगळा मजकूर नागरीत उतरला. पन्नास वर्षांच्या आत बाजारातल्या सर्वांत हलक्या नाण्यावर एवढी उलथापालथ झाली. दरबारी कागदपत्रांत ती शोधावी लागते. पैशावर ती उघडी दिसते, कारण पैसा प्रत्येकाच्या हाती जात होता.

नाणेसंग्रह हा श्रीमंतांचा छंद आहे, अशी आपल्याकडे समजूत आहे. सोन्याच्या मोहरा आणि चांदीचे दुर्मिळ रुपये यांच्यापुरती ती खरीही आहे. मी संग्रह करू लागलो तेव्हा नुकताच नोकरीस लागलो होतो आणि घरखर्चातून या कामासाठी महिन्याला पाच रुपये काढावयाचे, असे पत्नीशी बोलून ठरविले होते. पुढे ती रक्कम वाढत गेली, तरी घरातील वर्तमानपत्रांच्या बिलापेक्षा ती कधी अधिक झाली नाही. या मर्यादेमुळे मी तांब्याकडे वळलो. आरंभी मला ती मर्यादा लाजिरवाणी वाटे. आज मी तिचा ऋणी आहे.

याचे कारण सांगतो. सोन्याचे नाणे पुष्कळदा पेटीत राही, दानात जाई, दागिन्यात गुंफले जाई. तांब्याचा पैसा भाजीवाली, हमाल, शाळकरी मूल आणि देवळाबाहेरचा भिकारी यांच्या हातून फिरे. आपल्या भाषेतच पाहा. 'बट्टा लागणे', 'खुर्दा उडविणे', 'सोळा आणे खरे', 'पै-पैचा हिशेब', 'दमडीची किंमत नसणे' हे सगळे वाक्प्रचार बाजारातल्या चलनातून आले आहेत. खुर्दा म्हणजे तांब्याची मोड, हे आज शब्दकोशात पाहावे लागते. ढब्बू पैसा कसा असतो हे ज्याने हातात घेऊन पाहिले, त्याला लठ्ठ मुलास ढब्बू का म्हणतात हे निराळे सांगावे लागत नाही.

बट्ट्याची गोष्ट तर केवळ भाषेपुरती नाही. बडोद्याचा स्वतःचा चांदीचा रुपया होता, त्यास बाबाशाही म्हणत. इंग्रजी रुपयाशी त्याचा भाव बदलता असे आणि सराफ त्यावर बट्टा घेत. १८७० नंतर जगात चांदीचा भाव घसरत गेला. १८९३ मध्ये इंग्रज सरकारने आपल्या टांकसाळी खाजगी चांदीस बंद केल्या. तेव्हापासून इंग्रजी रुपया आपल्यातील चांदीच्या किमतीपेक्षा अधिक मोलाने चालू लागला. संस्थानी रुपयांस तो आधार नव्हता. व्यापारी, शेतकरी आणि खुद्द संस्थानांचे हिशेब या चढउतारात सापडले. एकामागून एक संस्थानांनी आपले रुपये पाडणे सोडले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी बडोद्यानेही बाबाशाही काढून इंग्रजी रुपया स्वीकारला. सरांनी आमच्या बाकावर ठेवलेला संवत् १९४९ चा पैसा म्हणजे इ. स. १८९२-९३ चा. इंग्रजी टांकसाळी चांदीस बंद झाल्या त्याच सुमाराचा. आमच्या हाती संस्थानाच्या चलनाची अखेरची वर्षे होती आणि आम्ही केवळ 'एक पैसा' असे वाचून मोकळे झालो होतो.

थोडक्या पैशांत केवढा इतिहास मिळू शकतो, याचे याहून सोपे उदाहरण देतो. पाच नाणी घ्यावीत, पाचही कोठल्याही जुन्या बाजारात मिळतील अशी, आणि ती सोनाराच्या काट्यावर ठेवावीत. पहिला, एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी पाव आणा, म्हणजे जुना पैसा. तो तांब्याचा असून सुमारे साडेसहा ग्रॅम भरतो. दुसरा, १९०६ नंतरचा पाव आणा. आता तांब्याऐवजी कासे आले आणि वजन पाच ग्रॅमच्या थोडे आत आले. तिसरा, १९४३ ते १९४७ या काळातील भोकाचा पैसा. महायुद्धात धातूची टंचाई पडली, म्हणून मधला भाग काढून टाकला. वजन अवघे दोन ग्रॅम. चौथा, १९५७ चा नवा पैसा, दीड ग्रॅमचा. पाचवा, १९६५ नंतरचा ॲल्युमिनियमचा पैसा, पाऊण ग्रॅमचा, फुंकरीने उडेल असा. शेवटची दोन नाणी रुपयाच्या शंभराव्या हिश्शाची आहेत आणि आधीची चौसष्टाव्या हिश्शाची, हे ध्यानात ठेवावयास हवे. तरीही साडेसहा ग्रॅमपासून पाऊण ग्रॅमपर्यंतची ही उतरण पाहिल्यावर महागाई आणि युद्ध या गोष्टी तळहातावर वजनाने कळतात. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. आण्याचे सव्वासहा नवे पैसे होत. तो सव्वा कोणाच्या पदरात पडावयाचा यावरून भाजीवालीशी होणारा आईचा वाद मला अजून आठवतो.

आता संग्रहाच्या पद्धतीविषयी. अल्प खर्चात संग्रह करणाऱ्याने प्रथम विषय लहान करावा. 'भारतीय नाणी' हा विषय राजालाही परवडणारा नाही. एका संस्थानाचे तांबे, एका टांकसाळीचे पैसे किंवा एका दशकातील चलन एवढे क्षेत्र पुरे आहे. दुसरे, नाण्याआधी पुस्तक घ्यावे. परमेश्वरीलाल गुप्त यांचे 'कॉइन्स' हे नॅशनल बुक ट्रस्टने १९६९ साली काढलेले छोटे पुस्तक मी नाण्यांच्या पैशातून घेतले होते. त्या महिन्यात नाणे घेता आले नाही, पण त्या पुस्तकाने पुढे किती तरी चुकीच्या खरेद्या वाचविल्या. ग्रंथालय आणि संग्रहालय यांना तर खर्चच नाही. कमाटीबागेतील आपले संग्रहालय १८९४ पासूनचे आहे. नाशिकजवळ अंजनेरी येथे नाणकशास्त्राची संशोधनसंस्था आणि तिचे संग्रहालय आहे. डोळा घडवावयाचा तो अशा ठिकाणी. बाजारात मग त्याचा उपयोग होतो.

तिसरी गोष्ट मला माझ्या स्वतःच्या विषयाने शिकविली. यंत्रापूर्वीचा पैसा हाताने, हातोड्याच्या घावाने पाडीत. कोरलेला ठसा मोठा असे आणि तांब्याची चकती लहान. त्यामुळे ठशावरील पूर्ण मजकूर एका नाण्यावर कधीच उमटत नसे. एका पैशावर वरची ओळ येई, दुसऱ्यावर डावा कोपरा, तिसऱ्यावर नुसती तलवार आणि अर्धे अक्षर. सुंदर, पूर्ण ठशाचे नाणे सापडलेच तर ते महाग असते. माझ्याजवळ तेवढे पैसे नव्हते, म्हणून मी झिजलेली, तुटक्या मजकुराची, व्यापाऱ्याने टोपलीत टाकलेली नाणी घेत गेलो.

एका संध्याकाळी खंडेरावांचे असे सात पैसे मी टेबलावर मांडून बसलो होतो. प्रत्येकावरचा दिसेल तेवढा भाग पातळ कागदावर शिसपेन्सिलीने उतरवून घेतला होता. ते कागद एकमेकांवर सरकविता सरकविता एका नाण्यावर तुटलेले अक्षर दुसऱ्यावर पुरे होऊ लागले. फार्सी विभागातील एका सहकाऱ्यांनी वाचनास साहाय्य केले. एकाही पैशावर नसलेले पूर्ण वाक्य त्या सात पैशांवर मिळून उभे राहिले. ते जमावयास नऊ वर्षे लागली, आणि सातही पैशांचा एकूण खर्च एका चांगल्या धोतरजोडीपेक्षा कमी होता.

हे काम मला अनोळखी नव्हते. जुन्या पोथ्यांचे पाठ मिळविताना आम्ही हेच करीत असू. आपल्या बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने वाल्मीकिरामायणाची चिकित्सित आवृत्ती १९६० ते १९७५ या काळात सात खंडांत प्रसिद्ध केली, तीही अनेक हस्तलिखितांचे पाठ शेजारी मांडूनच. पोथी फाटलेली आहे म्हणून कोणी विद्वान ती टाकून देत नाही. तिच्या शाबूत राहिलेल्या पानावरील एखादा पाठ इतर दहा पोथ्यांत नसेल. झिजलेल्या पैशाचेही तसेच आहे. श्रीमंत संग्राहक एक उत्तम नाणे घेतो आणि शोध थांबवितो. गरीब संग्राहकास सात वाईट नाणी घ्यावी लागतात, आणि त्यांची तुलना केल्यावाचून त्यास गत्यंतर नसते. अभ्यास त्याच्या गरिबीतच आहे.

या पद्धतीचा दुसरा लाभ म्हणजे अदलाबदल. आपल्यासारखी मराठी वस्ती इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, बेळगाव, गोवे अशी दूरवर पसरलेली आहे. तेथे असाच एखादा शिक्षक वा टपाल खात्यातील कारकून संग्रह करीत असे. माझ्याजवळ बडोद्याचे पैसे दुहेरी झाले की मी ते पाठवी. उलट टपालाने इंदूरहून बसलेल्या नंदीचा पाव आणा येई, ग्वाल्हेरहून शिंद्यांची मुद्रा असलेला. हैदराबादहून निजामाच्या तुघ्र्याची दोन पै येई. गोव्याहून १९०३ चा, पोर्तुगीज राजाच्या मुखवट्याचा पाव टांगा आला होता. बेळगावच्या मित्राने शिवराया पाठविल्या. एका बाजूस 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूस 'छत्रपति' असा मजकूर असलेले हे तांब्याचे नाणे शिवछत्रपतींनंतरही दीर्घकाळ पाडले जात होते. त्या शिवरायांवर कोठे 'शिव', कोठे 'सिव', कोठे 'सीव' असे पाहून मी किती तरी वेळ बसून राहिलो. शुद्धलेखनाचे नियम शिकविण्यात माझा जन्म गेला, आणि येथे ठसे कोरणारा कारागीर आपल्या कानाला ऐकू येईल तसे मराठी लिहून राज्याचे चलन चालवीत होता. या सगळ्या देवघेवीत पैसा असा द्यावा लागलाच नाही, टपालहशील तेवढे लागले.

येथवर मी माझ्या पद्धतीचे गुण सांगितले. आता माझ्या हातून घडलेला अपराध सांगतो. आजचे व्याख्यान स्वीकारण्याचे खरे कारण तेच आहे.

१९७६ च्या उन्हाळ्यात एका तालुक्याच्या गावी मी काही कामानिमित्त गेलो होतो. तेथील एका कंसाऱ्याच्या दुकानात मोडीच्या तांब्याच्या ढिगाशेजारी एक फुटके मडके दिसले. जुने घर पाडताना पायथ्याशी सापडलेले ते मडके पैशांनी भरलेले होते. कंसाऱ्याने ते मोडीच्या भावाने वजनावर घेतले होते. निवडून घ्या, तो म्हणाला. मी तासभर बसून निवडले. ज्यांवरील अक्षरे सर्वांत स्पष्ट होती अशी नऊ नाणी घेतली आणि अत्यानंदाने घरी आलो. घरी येऊन ती चिंच आणि राखेने घासली. देवघरातील भांड्यांप्रमाणे ती लखलखीत झाली. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेलो तेव्हा बाकीचे सगळे तांबे भट्टीत गेलेले होते.

मी काय गमावले ते मला त्या वेळी कळलेही नाही. कळले ते जोगळटेंभीच्या निधीविषयी वाचल्यावर. नाशिक जिल्ह्यातील या गावी १९०६ साली क्षत्रप राजा नहपान याच्या चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. नाणी तेरा हजारांहून अधिक. त्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. नहपानाचा पाडाव करून सातवाहनांनी त्याचेच चलन आपल्या नावाने चालविले, याचा एवढा सज्जड पुरावा दुसरा नाही. हा पुरावा कोणत्याही एका नाण्यात नव्हता. तो त्या राशीत होता, किती नाण्यांवर ठसा आहे आणि किती नाण्यांवर नाही या प्रमाणात होता. कोणी हौशी माणसाने त्यातील नऊ सुंदर नाणी निवडली असती आणि उरलेली सोनाराने आटविली असती, तर ते प्रमाण कोणासही कळले नसते.

माझे मडके तसेच होते. पुरलेल्या साठ्यातील सर्वांत अलीकडचे नाणे पाहून तो साठा केव्हाच्या आधी पुरलेला नाही, हे सांगता येते. कोणत्या संस्थानाचे पैसे किती, यावरून त्या गावाचा व्यवहार कोणकोणत्या बाजारांशी होता ते समजते. कोणते किती झिजले आहेत, यावरून कोणते किती वर्षे फिरले याचा अंदाज येतो. ते मडके कोण्या धनाढ्याचे नव्हते. पैसा पैसा साठविणाऱ्या एखाद्या कुणब्याचे किंवा विधवेचे असेल. त्या माणसाचा कोठेच दुसरा कागद नाही. होते ते एवढेच, आणि त्याची उरलेली साक्ष मी सुंदर अक्षरांच्या मोहाने भट्टीत जाऊ दिली.

शिवाय ती घासली. तांब्यावर कालमानाने चढणारे काळपट-तपकिरी पुट हे धातूचे कवच असते. चिंचेतील आम्लाने ते विरघळते, उघडा पडलेला गुलाबी धातू पुन्हा खराब होऊ लागतो आणि घासण्याने उथळ अक्षरे झिजतात. त्या नवांपैकी एका पैशावर धुण्यापूर्वी तलवारीशेजारी एक अंधुक अक्षर होते. धुतल्यानंतर ते नाहीसे झाले. ते 'ग' होते की 'ख', म्हणजे नाणे गणपतरावांचे की खंडेरावांचे, उठावापूर्वीचे की नंतरचे असण्याचा संभव, हे मी आज सांगू शकत नाही. कोणीच सांगू शकत नाही.

या प्रकरणाला कायद्याचीही बाजू आहे आणि ती तरुण श्रोत्यांनी नीट ऐकावी. भूमीत दडलेला दहा रुपयांहून अधिक मोलाचा निधी सापडल्यास तो जिल्हाधिकाऱ्यास कळविला पाहिजे, असा कायदा १८७८ साली झाला. पुरावस्तूंचा कायदा १९७२ चा आहे. शंभर वर्षांहून जुनी नाणी त्याच्या कक्षेत येतात आणि परवानगीवाचून ती देशाबाहेर नेता येत नाहीत. १९७६ साली मला यातले काही ठाऊक नव्हते. अज्ञान ही सबब होऊ शकत नाही, विशेषतः पदवीधराची. आज असे मडके कोणास दिसले तर त्यातील एकही नाणे न उचलता, न धुता, आहे त्या स्थितीत अधिकाऱ्यांस कळवावे. संग्राहकाचा मोठेपणा अशा वेळी न घेतलेल्या नाण्यांवरून ठरतो.

त्या अनुभवानंतर मी काही नियम पाळीत आलो. प्रत्येक नाण्याची नोंदवहीत नोंद झाली पाहिजे. ते कोठे, केव्हा, कोणत्या प्रकारच्या विक्रेत्याकडून, किती किमतीस मिळाले. वजन किती, व्यास किती, दोन्ही बाजूंस काय दिसते आणि काय दिसत नाही. नाण्याला धरताना कडेने धरावे. ते साध्या, रंग न लावलेल्या कागदी पाकिटात ठेवावे. मऊ प्लॅस्टिकच्या पिशवीतून कालांतराने जो चिकटपणा सुटतो, त्याने तांबे हिरवे पडते. पावसाळ्यात पेटीत ओल शोषणाऱ्या दाण्यांची पुडी ठेवावी. आज प्रत्येकाच्या खिशात भ्रमणध्वनीचा कॅमेरा आहे. तिरप्या उजेडात घेतलेल्या छायाचित्रात झिजलेली अक्षरे पुष्कळदा उठून दिसतात. माझ्या पेन्सिलीच्या कागदांपेक्षा ते साधन किती तरी चांगले आहे, आणि त्याने नाण्यास स्पर्शही होत नाही.

फसवणुकीविषयी दोन शब्द. हनुमान किंवा रामपंचायतन असलेली, ईस्ट इंडिया कंपनीचे नाव आणि १८१८ किंवा १८३९ असे साल घातलेली तांब्याची जाड नाणी जत्रांतून आणि फेरीवाल्यांकडे विकली जातात. त्यांच्या अंगी चमत्कारिक शक्ती असल्याचेही सांगतात. कंपनीने अशी नाणी कधी पाडली नाहीत. ती अलीकडे बनविलेली आहेत. तसेच एखाद्या साध्या जुन्या नाण्याचे लाखो रुपये मिळतील, प्रथम अमुक रक्कम भरा, अशा जाहिरातींना बळी पडू नका, असा इशारा रिझर्व्ह बँकेनेच ऑगस्ट २०२१ मध्ये दिला आहे. संग्रहातून श्रीमंत होण्याची इच्छा मनात शिरली की डोळा मंदावतो. झिजलेला पाव आणा आजही शंभर रुपयांच्या आत मिळतो आणि बहुधा तो तेवढ्याच किमतीचा राहील. तसा राहिला तर बरेच. ज्या वस्तूला मोल नाही तिची बनावट कोणी करीत नाही.

आता सरांच्या प्रश्नाकडे येतो. गुजराती बोलणाऱ्या प्रजेच्या हाती जाणाऱ्या पैशावर नागरी अक्षरांत मजकूर होता, तो कोणासाठी? माझे उत्तर असे. तो दोघांसाठी होता. राजासाठी होता, कारण बादशहाचे आणि कंपनीचे नाव न घेता स्वतःच्या लिपीत स्वतःचे नाव उमटविण्याची जागा त्याच्याजवळ फारशी उरलेली नव्हती. आणि तो अक्षर न येणाऱ्या माणसासाठीही होता. त्यास मजकूर वाचता येत नसे, पण तलवार आणि घोड्याचा खूर पाहून तो पैसा आपल्या राज्याचा आहे, बाजारात तो बट्ट्यावाचून चालेल, हे त्यास कळे. १८९३ साली याच सयाजीरावांनी अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग सुरू केला. ज्याच्या हाती पैसा आहे त्यास त्यावरचे अक्षरही वाचता यावे, ही इच्छा त्या दोन गोष्टींना जोडणारी आहे असे मला वाटते. हे अनुमान आहे, प्रमाण नव्हे. सर असते तर त्यांनी प्रमाण मागितले असते.

आज येताना मी एक डबा बरोबर आणला आहे. त्यात तीनशे चौदा नाणी आहेत आणि तीन नोंदवह्या आहेत. ही सर्व मी शाळेच्या स्वाधीन करीत आहे. बाजारात त्यांची किंमत फारशी होणार नाही, आणि त्यामुळेच मुलांच्या हाती ती निर्धास्तपणे देता येतील. पहिल्या नोंदवहीत क्रमांक ४१ ते ४९ या नऊ नाण्यांपुढे 'प्राप्तिस्थान' या रकान्यात गावाचे नाव आहे, मात्र 'सोबत सापडलेली नाणी' हा रकाना कोरा आहे. तो मी मुद्दामच कोरा ठेवला आहे. इतिहासाच्या शिक्षकांनी एखाद्या तासाला ती नऊ नाणी बाकांवर ठेवावीत, मुलांना वाचावयास सांगावे, आणि मग तो कोरा रकाना दाखवावा, एवढी विनंती आहे.

 सरांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन करून मी थांबतो.